वर्गातला जामीन, बराकीतला जामीन

पत्र :
मी ठाण्यात चरई भागात राहते. वय ६३. विधी महाविद्यालयात ३१ वर्षे फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही कॅथलिक आहोत. गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) तुरुंग सेवाकार्याच्या गटाबरोबर मी आयुष्यात पहिल्यांदा एका कारागृहाच्या महिला विभागात गेले. गाणी झाली, केक वाटून झाला आणि निघताना पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका मुलीने चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला कागद माझ्यापुढे धरून विचारले, ‘मॅडम, यात काय लिहिलंय?’ तो तिच्या जामिनाचा आदेश होता. पंधरा हजारांचा जामीन, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, आणि तारीख सात महिन्यांपूर्वीची. जामीनदार मिळत नाही म्हणून जामीन मंजूर झालेली मुलगी सात महिने आत होती. मी ३१ वर्षे जामिनावर व्याख्याने दिली. असे माणूस माझ्या वर्गात कधी आले नव्हते. आता मिस्साला बसले तरी तो कागद डोळ्यांपुढे येतो. यजमान म्हणतात, गुडघे सांभाळा. दोन वर्षांपूर्वी तलावपाळीवर माझ्या भाचीची साखळी खेचली गेली, पडून तिचे मनगट मोडले. ती विचारते, ‘आत्या, तू त्यांनाच केक वाटायला जाणार?’ फादर म्हणतात, प्रार्थना करा, घाई नको. हे देवाचे पाचारण आहे की निवृत्तीनंतरचे रिकामपण? आणि जायचेच तर शिक्षिका म्हणून, कायदा जाणणारी म्हणून, की नुसती ख्रिस्ती बाई म्हणून?

उत्तर :
आदरणीय मॅडम,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या विरलेल्या घड्यांपाशी थांबले. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे तुमच्या पाचारणावर शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार मला नाही. मात्र हे सदर लिहू लागण्यापूर्वी काही वर्षे मी समाजकार्यकर्ती म्हणून महिला बराकीत नियमाने जात असे, आणि जे सांगते आहे ते त्या अनुभवातून सांगते आहे.

पाचारण आणि रिकामपण हे दोन पर्याय तुम्ही समोरासमोर का उभे केलेत, ते मला कळले नाही. ज्याची दुपार रिकामी नाही त्याला गुरुवारी दोन वाजता कारागृहाच्या दाराशी उभे राहता येत नाही. तुमच्याच परंपरेत बंदिवानाला भेटणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले आहे, म्हणजे ते कुणा निवडक माणसाचे काम नसून भुकेल्याला अन्न देण्याइतके सर्वांचे काम आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात प्रभू ‘मी तुरुंगात होतो’ असे म्हणतात, तेव्हा तो बंदी दोषी होता की निर्दोष, हे तिथे कुणी विचारत नाही. तेव्हा ‘पाचारण’ हा जड शब्द सध्या फादरांच्या हवाली करावा आणि माझ्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे : तुम्ही जुलैत जाल का?

नाताळात कारागृहाच्या दारावर पाहुण्यांची रांग असते. केक, चादरी, मेणबत्त्या, सारे येते. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी भारतातील कॅथलिक चर्च तुरुंग सेवाकार्याचा दिवस पाळते, तेव्हाही माणसे येतात. तो दिवस १४ ऑगस्टच्या आसपास येतो, आणि १४ ऑगस्ट हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा स्मृतिदिन, ज्यांनी १९४१ साली ऑशविट्झच्या छावणीत एका अनोळखी कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी मरण पत्करले. केरळात १९८१ साली सेमिनरीत धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आणि आज देशभर पसरलेले हे सेवाकार्य त्यांनाच आपले आश्रयदाते मानते. पण या दोन दिवसांच्या मधले महिने कोरडे जातात. पाऊस धो धो पडतो आहे, गटातल्या तिघी सर्दीने घरी आहेत, आत गेल्यावर अधिकारी सांगतात की आज झडती चालू आहे, तासभर बसा, आणि तासाभराने सांगतात की आज काही जमणार नाही. अशा दुपारीनंतर तुम्ही पुढच्या वेळी पुन्हा गेलात, तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हालाच मिळेल. वर्षभर, महिन्यातून दोनदा, एवढेच ठरवा. आयुष्य वाहून देण्याची भाषा वर्षानंतर करता येईल.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते खरी गुंतागुंत तिथे आहे. आत जाताना तुम्ही नुसती ख्रिस्ती बाई म्हणूनच जावे. मोबाइल आणि पाकीट जसे दारावर जमा करता, तसा कायदाही तिथेच ठेवावा. तुमच्यासारख्या विदुषीला हे सांगणे उद्धटपणाचे वाटेल, पण त्यामागची पहिली अडचण तुमच्याच विषयातली आहे. तुम्ही पुराव्याचा कायदा शिकवलात. पोलिसांपुढे दिलेली कबुली चालत नाही, पण खासगी व्यक्तीपुढे स्वेच्छेने दिलेली, न्यायालयाबाहेरची कबुली पुरावा म्हणून पुढे येऊ शकते, हे तुम्ही शेकडो मुलांकडून घोकून घेतले असेल. वकिलाला त्याच्या पक्षकाराने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे. प्रार्थनेला आलेल्या स्वयंसेविकेला तसे कोणतेही संरक्षण नाही. चर्चच्या नियमाने पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे हे खरे, पण ती धर्मगुरूने ऐकलेल्या पापनिवेदनाची. भिंतीला टेकून बसलेल्या बाईने तुमच्या कानात सांगितलेल्या गोष्टीची नव्हे. म्हणजे एखादी न्यायाधीन, खटल्याचा निकाल अजून न लागलेली, बंदी रडत रडत ‘बाई, माझ्याच हातून झालं’ असे म्हणाली, तर उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभ्या असाल. म्हणून अनुभवी स्वयंसेवक गुन्ह्याबद्दल कधीच विचारत नाहीत. नाव विचारतात, गाव विचारतात, मुले कुणाकडे आहेत हे विचारतात. बाई स्वतःहून खटल्याचे बोलू लागली तर विषय हलकेच मुलांकडे वळवतात. वर्गात प्रश्न विचारून उत्तर खणून काढण्याची तुमची ३१ वर्षांची सवय इथे आवरावी लागेल, आणि तीच सर्वांत अवघड जाईल असा माझा अंदाज आहे.

दुसरी अडचण प्रार्थनेची आहे. प्रार्थनेच्या गटात एक वकीलबाई येतात अशी बातमी बराकीत पसरायला एक दुपार पुरते. मग पुढच्या वेळी चाळीस बायका येतील, प्रत्येकीच्या हातात कागद असेल, आणि त्यांतली कोण गाण्यासाठी आली आणि कोण जामिनासाठी, हे तुम्हालाच नव्हे, त्यांनाही धड सांगता येणार नाही. देवाच्या नावाने बसणे ही कायदेशीर मदतीची फी होऊन बसेल. आपल्या कारागृहांतील बहुसंख्य बायका ख्रिस्ती नाहीत, हेही विसरता येत नाही. गाणी ऐकायला, घटकाभर बराकीतून बाहेर बसायला त्या येतात, आणि त्यांच्या येण्याचा दुसरा कोणताही अर्थ कुणी लावू नये म्हणून पत्रके, क्रूस, माळा यांतले काहीही बरोबर नेऊ नये. शिवाय कारागृह अधीक्षकांची परवानगी ज्या कामासाठी मिळाली आहे त्याच कामापुरती ती असते.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगते. एका कारागृहात, नाव सांगत नाही, एका बाईने बहिणीला द्यायला म्हणून माझ्याकडे चिठ्ठी दिली. चार ओळी होत्या, मुलीला शाळेत घाल, एवढेच. मी ती ओढणीत लपवून बाहेर आणली आणि दिलेल्या पत्त्यावर गेले. ते घर बहिणीचे निघाले, पण ती बहीण त्याच खटल्यात सरकारी साक्षीदार होती. पुढचे पाच महिने आमच्या संपूर्ण गटाला आत प्रवेश बंद होता, आणि त्या पाच महिन्यांत जिला आमची खरी गरज होती अशी एक म्हातारी वारली. चिठ्ठी, निरोप, फोन नंबर, औषधाची गोळी : यांतले काहीही इकडचे तिकडे नेऊ नका, कितीही निरुपद्रवी दिसले तरी.

मग तुमच्या ज्ञानाचे काय करायचे? ते वाया घालवायला मी सांगत नाही, फक्त त्याचे दार वेगळे असावे, वार वेगळा असावा. तुम्ही लिहिता, असे माणूस वर्गात कधी आले नव्हते. आले होते, मॅडम. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या निकालातला मोतीराम गवंडी होता; दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो भाऊ जामीनदार म्हणून नाकारला गेला. तुम्ही तो निकाल दरवर्षी शिकवला असणार. शीला बारसे तर वकीलही नव्हत्या; पत्रकार म्हणून मुंबईच्या तुरुंगातील महिला बंद्यांशी त्या बोलल्या, त्यांचे ऐकून घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्यातून कोठडीतल्या स्त्रियांच्या संरक्षणाविषयीचा १९८३ चा निकाल आला. ऐकणे आणि मग योग्य दारावर पत्र नेणे, एवढे दोन भाग त्यात होते.

ते योग्य दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला, आणि स्त्रीला तर तशीही, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिथे विधी स्वयंसेवक लागतात, गरीब आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या तरुण वकिलांना रिमांडचे कागद भराभर वाचून देणारे कुणी लागते. देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ बंदी २०२२ च्या अखेरीस न्यायाधीन होते, म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेलेच नव्हते. या कागदांचा ढीग किती असेल याची कल्पना करा. मात्र तुम्ही शिकवलेले कलमांचे आकडे आता बदलले आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जुन्या कलम ४३६-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने घेतली. याआधी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर तिच्या सुटकेचा विचार त्यात आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले बंदी त्यातून वगळले आहेत, आणि न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद त्याआधीच्या खटल्यांतील बंद्यांनाही लागू केली. तुम्हाला पुन्हा विद्यार्थिनी व्हावे लागेल. मला वाटते, तुम्हाला ते आवडेल. एक पथ्य तेवढे पाळा. तुमचे जुने विद्यार्थी आज न्यायदंडाधिकारी असतील, सरकारी वकील असतील, कदाचित कारागृहाचे अधिकारीही असतील. त्यांतल्या एकालाही घरून फोन करू नका.

आत कायदा नाही, तर मग दोन तास करायचे काय, असे तुमच्या मनात येईल. उत्तर म्हणून एक ठाण्या-नवी मुंबईतलीच गोष्ट सांगते. जेजुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि ते तळोजा कारागृहात होते. वय ८३, कंपवाताने हात थरथरत असत. तिथून पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की सहबंदी त्यांना जेवायला आणि आंघोळीला मदत करतात, आणि कोठडीतले दोघे अतिशय गरीब घरचे बंदी त्यांचे कपडे धुतात, गुडघ्यांना मालिश करून देतात. आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हेही न कळलेले, दोषारोपपत्र न पाहिलेले कितीतरी गरीब बंदी भोवती आहेत, असेही त्यांनी नंतर लिहिले. ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच, रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या खटल्याविषयी कुणाचे मत काहीही असो, माझ्या मनात राहिले आहे ते गुडघ्यांचे मालिश. धर्मगुरू आत गेला आणि सेवा बंद्यांनी केली. तुम्ही गेलात की तुमच्यासाठीही कुणीतरी स्टूल पुसून ठेवेल, आपल्या वाटणीचा चहा पुढे करील, तुमचे गुडघे दुखतात हे तिसऱ्या भेटीत ओळखेल. ते घेता येणे हेही तिथले काम आहे. बाकी मग कुणाची वेणी घालणे, कुणाचे अक्षर गिरवून घेणे, आईबरोबर आत राहणाऱ्या सहा वर्षांखालच्या पोरांना गाणी शिकवणे, आणि बराच वेळ काहीच न करता बसणे.

भाचीचा प्रश्न मात्र मी यजमानांच्या गुडघ्यांसारखा पटकन सोडवू शकत नाही. (यजमानांना सांगा की दोन्ही गुडघ्यांना पट्टा बांधून जाईन आणि रिक्षाने येईन, बहुतेक त्यांना तेवढेच ऐकायचे असावे.) ‘त्यांनाच केक वाटणार?’ या प्रश्नाला शुभवर्तमानातले वचन हे उत्तर नव्हे, आणि आत असलेल्या बहुतेकांवर गुन्हा सिद्धच झालेला नाही हे कायद्याचे उत्तरही तिला पुरणार नाही, जरी ते खरे असले तरी. तिचे मनगट मोडले त्या संध्याकाळपासून तिच्याकडे किती जण गेले, तिच्याबरोबर तारखांना कोण गेले, तिची साखळी परत मिळाली का, याविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्या साऱ्या व्यवस्थेतच जिचे नुकसान झाले तिला साक्षीदार म्हणून बोलावतात आणि मग विसरतात. पण मला वाटते, तिचा प्रश्न कैद्यांविषयीचा नसून तुमच्याविषयीचा आहे.

तुमच्या चर्चच्या अलीकडच्या इतिहासात इंदूरजवळ १९९५ साली मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट आहे. मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली ती त्यांच्या सख्ख्या बहिणीने, जी स्वतःही सिस्टर होती. क्षमा जिच्या घरचे माणूस गेले तिने केली, तिच्या वतीने दुसऱ्या कुणी नव्हे. तुमच्या भाचीच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि तुम्ही तसे काही करायला निघालेला नाहीत, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. कारागृहातून परतल्यावर तिथल्या करुण कहाण्या तिला ऐकवू नका. ज्या आठवड्यात बराकीत जाल, त्याच आठवड्यात तिच्याकडेही जा, तिच्या खटल्याची स्थिती विचारा, आणि तिला हवे असेल तर पुढच्या तारखेला तिच्या शेजारी बाकावर बसा. तिथे कायदा दाराशी ठेवायची गरज नाही, सगळा घेऊन जा.

राहता राहिली ती मुलगी. तिच्यासाठी स्वतः जामीनदार राहण्याचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असणार, तो सोडून द्या. एकदा राहिलात की दुसऱ्या दिवशी सारी बराक तुमच्याकडे मागेल आणि नकार देण्यासाठी तुमच्याजवळ कोणतेच न्याय्य कारण उरणार नाही. त्याची गरजही नाही. जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटली नाही तर कारागृहाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात म्हटले आहे. शिवाय गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे, तिच्यातून न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळू शकते; प्रत्येक गुन्ह्याला ती लागू नाही, ते तपासावे लागेल. सात महिने म्हणजे या साऱ्या मुदती केव्हाच उलटल्या आहेत. नाताळानंतर ती सुटली असेल अशी आशा करू या, पण तसे गृहीत धरू नका.

तुमच्या गटाचे काम पाहणाऱ्या फादरांना आधी सांगा, म्हणजे पाठीमागून काही केल्यासारखे होणार नाही. आदेशावरचे न्यायालयाचे नाव आणि खटल्याचा क्रमांक तुम्ही वाचलात तेव्हाच तुमच्या डोक्यात बसला असेल, शिक्षकांना अशा गोष्टी लक्षात राहतात. येत्या सोमवारी अकराच्या सुमारास कोर्ट नाक्यावर, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि साध्या कागदावर अर्ज लिहून द्या. पोच घ्यायला विसरू नका, आणि अर्जाखाली पद लिहू नका, नुसते नाव आणि चरईचा पत्ता लिहा.